बॅटरी उतरली, की जोड मळला?

पाऊस झाला. रानाला वाफसा आला. पेरणीला ट्रॅक्टर काढायचा, तर सेल्फ "घर्र... घर्र..." करून थांबला. लगेच कोणीतरी म्हणते, "बॅटरी गेली! नवी आणा." मग उसनवारी होते. हजारो रुपये देऊन नवी बॅटरी येते. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी पुन्हा तीच घरघर! पैसे गेले आणि वाफसाही गेला.

असे का झाले? दोष कुठे आहे ते कोणी पाहिलेच नाही. तेव्हा मंडळी, नवी बॅटरी आणण्याआधी काय काय पाहावे, ते या धड्यात शिकू.

बॅटरीत काय असते?

१८५९ साली फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी शिशाची बॅटरी तयार केली. आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी तिच्याच जातीची. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घरे असतात. एका घराचे सुमारे २ व्होल्ट. घरात शिशाच्या पट्ट्या असतात. त्या ॲसिड मिसळलेल्या पाण्यात बुडालेल्या असतात.

दिव्याला थोडी वीज पुरते, ४-५ अँपियर. सेल्फला मात्र शेकडो अँपियर लागतात. म्हणून दिवा लागला तरी सेल्फ फिरेलच असे नाही. पाटात गवत अडकले तर भाजीच्या वाफ्यापुरते पाणी झिरपते, पण उसाला पुरत नाही. तसेच हे.

आधी जीव सांभाळा

बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी किंवा काडी पेटवू नका. ठिणगीने बॅटरी फुटते आणि ॲसिड डोळ्यांत उडते. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

सेल्फ फिरत नाही म्हणून काही जण खाली उभे राहून सेल्फला पाना लावतात. असे कधीही करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो सुरू होताच अंगावरून जातो. सीटवर बसा, न्यूट्रल करा, मगच किल्ली फिरवा.

दिव्याची परीक्षा

पुढचे दिवे लावा. एकाने सीटवर बसून सेल्फ मारावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिवे पाहावेत. चाकांसमोर उभे राहू नये.

१. दिवे एकदम विझले, तर बहुधा जोड सैल किंवा मळलेला आहे.
२. दिवे मंद झाले आणि सेल्फ हळू फिरला, तर बॅटरी उतरली असावी. जोडही पाहावेत.
३. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या स्विचमध्ये असावा. मिस्त्रीला दाखवा.

जोड साफ करणे

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना? ती विजेची वाट अडवते. इंजिन बंद करा. वजा (−) खुणेची वायर आधी काढा, मग अधिक (+) खुणेची. झाकणे घट्ट आहेत ना, ते पाहा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टोके धुवा. सोडा घरात जाऊ देऊ नका. मग पॉलिश कागदाने टोके चकचकीत करा. आता अधिक आधी जोडा, वजा शेवटी. जोड घट्ट आवळून वर ग्रीस लावा.

वजा वायरचे दुसरे टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला असते. तेही उघडून घासा. पुष्कळदा दोष तिथेच लपलेला असतो.

पाणी आणि मीटर

झाकणे उघडता येत असतील, तर पाणी खुणेपर्यंत आहे का पाहा. कमी असल्यास फक्त बॅटरीचे पाणी घाला. विहिरीचे घालू नका. त्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात. वरून ॲसिडही घालू नका.

बॅटरी रात्रभर स्वस्थ ठेवून सकाळी मीटर लावा:

१२.६ व्होल्ट – भरलेली.
१२.२ व्होल्ट – सुमारे अर्धी.
१२ च्या खाली – रिकामी होत आली.

नंतर इंजिन चालू करून पाहा. आकडा साधारण १४ च्या आसपास चढला पाहिजे. चढला नाही, तर बॅटरी भरतच नाही. पट्टा सैल आहे का पाहा, नाहीतर अल्टरनेटर तपासून घ्या. अशा वेळी नवी बॅटरी आणली, तर तीही उतरेल.

इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी लावली तरी बॅटरी उतरते, बरं का! उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नका. तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, मग ती नीट भरत नाही. एका दमात १० सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. मध्ये थोडे थांबा.

हे सारे करून, बॅटरी पूर्ण चार्ज करूनही ती एका रात्रीत उतरली, तर गाडीत कुठे वीज झिरपते का ते मिस्त्रीकडून पाहा. तसे नसेल, तर बॅटरी खरोखर संपली. आता नवी आणा.

तुम्हांला आता लिहिता येते. एका वहीत तारीख, व्होल्ट आणि पाणी घातल्याचा दिवस लिहून ठेवा. मिस्त्रीकडे जाताना ती वही न्या.

प्रश्न

१. कोणती वायर आधी काढावी?
२. दिवा लागतो, पण सेल्फ फिरत नाही. असे का होते?
३. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काय लिहिले आहे, ते वाचून वहीत उतरवा.