कीबोर्डची साथ सूर सोडून का जाते?

प्रश्न : मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, त्याने दिवाळीत आपोआप साथ देणारा कीबोर्ड आणून दिला. उजव्या हाताने चाल बिनचूक येते, पण मागची साथ मध्येच कुठल्या कुठे भरकटते. शेकडो ताल आहेत म्हणतात, तरी सगळी गाणी वरातीतल्यासारखीच वाटतात. यंत्रात दोष आहे, की याहून महागडे घ्यावे लागेल?
– एक वाचक, माण (ता. मुळशी)

उत्तर : यंत्र ठीक आहे, आणि नवे घ्यायची घाई करू नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ पत्राच्या पहिल्याच वाक्यात आहे. तुम्ही पेटीवाले आहात. पेटीवाल्याचा उजवा हात तयार असतो आणि डावा आयुष्यभर भाता हलवत राहतो. कीबोर्डला भाता नाही, त्यामुळे तुमचा डावा हात एक तर मांडीवर पडून राहत असेल, नाही तर उजव्याच्या मदतीला धावत असेल. आणि नेमक्या त्याच हाताकडून हे वाद्य हुकूम घेते.

आपण चाल वाजवली की कीबोर्ड ती ऐकतो आणि तिला शोभेल अशी साथ देतो, असे बहुतेकांना वाटते. दुकानातला विक्रेताही बोलण्याच्या भरात तसेच सांगून टाकतो. प्रत्यक्षात साथ देणारा भाग उजव्या हाताकडे ढुंकूनही पाहत नाही. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडच्या साधारण दीड सप्तकाची हद्द आखलेली असते. तिला स्प्लिट पॉइंट म्हणतात. हद्दीच्या डावीकडे दाबाल ते कॉर्ड म्हणून वाचले जाते, उजवीकडे दाबाल ती चाल. (सगळ्याच पट्ट्या कॉर्ड म्हणून वाचणारी ‘फुल कीबोर्ड’ नावाची सोय काही मॉडेलांत असते. भजनासाठी ती बंदच ठेवा.)

आता तुमच्याकडे काय होत असेल ते पाहू. सा पांढरी एकचा धरला आहे, भजन भूप रागातल्या चालीचे आहे. चाल खाली उतरते, मंद्रातला ध घ्यायचा असतो, पेटीच्या सवयीने बोट डावीकडे सरकते आणि हद्द ओलांडते. दाबली गेली एकच पट्टी, पण एका बोटाच्या पद्धतीत एक पट्टी म्हणजे आख्खा मेजर कॉर्ड. म्हणजे ध बरोबर कोमल रे आणि ग हेही साथीत येतात. भूपात कोमल रे! वर बेसनेही ध पकडलेला असतो, आणि पुढचा हुकूम मिळेपर्यंत तो सोडत नाही. वाद्याच्या हिशेबी त्याने आज्ञा पाळली आहे.

यावर सोपी तोड आहे. ऑक्टेव्हच्या सोयीने उजव्या हाताचा आवाज एक सप्तक खाली आणा आणि तुम्ही स्वतः एक सप्तक वर वाजवा. बोटे हद्दीपासून लांब राहतील. ही सवय होईपर्यंत कॉर्ड वाचणारे बटणच बंद ठेवले तरी चालेल. यामाहावर त्याच्याजवळ ‘एसीएमपी’ अशी अक्षरे असतात, कॅसिओवर ‘अकॉम्प’. ते बंद असले की नुसता ताल वाजतो आणि सूर बिघडवायला कोणी उरत नाही.

पण भरकटणे थांबले म्हणजे साथ जमली असे नाही. त्यासाठी ही तयार साथ बनते कशी, हे थोडे समजून घ्यावे लागेल. प्रत्येक ‘स्टाईल’ म्हणजे काही मापांचा, सहसा सी या एकाच कॉर्डवर बांधलेला साचा. यामाहाच्या स्टाईलमध्ये त्याचे आठ पदर असतात : दोन तालाचे, एक बेसचा, दोन कॉर्डचे, एक लांब धरलेल्या सुरांचा आणि दोन छोट्या सुरावटींचे. तुम्ही डाव्या हाताने दुसरा कॉर्ड दिला की तालाचे पदर तसेच राहतात आणि बाकीचे त्या कॉर्डवर सरकतात. मुंबईच्या चित्रपट संगीतात हे काम माणसे करत. शंकर-जयकिशन यांचे सबॅस्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे अरेंजर चाल ऐकून व्हायोलिनपासून बेसपर्यंत प्रत्येकाने काय वाजवायचे ते कागदावर उतरवून देत. त्यांना चाल ठाऊक असे. तुमच्या यंत्राला ती कधीच कळत नाही, म्हणून चालीची जाण असलेला माणूस डाव्या हातामागे असावा लागतो.

डाव्या हाताच्या बोटांबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. एका बोटाच्या सोप्या पद्धतीचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. यामाहावर नुसती मूळ पट्टी म्हणजे मेजर. तिच्या डावीकडची काळी सोबत दाबली की मायनर, डावीकडची पांढरी दाबली की सेव्हन्थ. कॅसिओवर मूळ पट्टीच्या उजवीकडची कोणतीही एक जादा पट्टी म्हणजे मायनर, दोन जादा पट्ट्या म्हणजे सेव्हन्थ. चिंचवडच्या मित्राच्या कॅसिओवर शिकलेली बोटे घरच्या यामाहावर लावली तर साथ वेडीवाकडी जाणारच. माझे मत विचाराल तर ही पद्धत लवकर सोडावी आणि तिन्ही स्वर दाबायची ‘फिंगर्ड’ पद्धत घ्यावी. पेटीवाल्याला ती अवघड नाही. सा-ग-प म्हणजे मेजर, सा-कोमल ग-प म्हणजे मायनर, इतके तुमच्या कानाला आधीच माहीत आहे.

पुन्हा भूपाकडे येऊ. रागात सा रे ग प ध हे पाचच स्वर. सा-ग-प हा कॉर्ड चालतो. ध-सा-ग हाही चालतो, तो ध मायनर. चाल प आणि रे वर थांबली की हात साहजिक प च्या कॉर्डकडे जातो, पण प मेजर म्हणजे प-नि-रे, आणि नि तर भूपात नाही. इथे बरेच जण चूक आपली समजतात किंवा यंत्राला भारतीय संगीत कळत नाही म्हणून सोडून देतात.

या अडचणीवरचा उपाय सहसा सूचनापुस्तिकेच्या कॉर्डच्या तक्त्यात, अगदी बारीक अक्षरांत सापडतो. यामाहाच्या बहुतेक मॉडेलांवर फिंगर्ड पद्धतीत नुसते प आणि रे दाबले, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच, तर साथ त्या दोनच स्वरांवर चालते. मेजर-मायनर ठरवणारा मधला स्वर गळून पडतो. आणि डाव्या हद्दीत एकाच स्वराची लागोपाठची दोन सप्तके, म्हणजे खालचा सा आणि वरचा सा, एकदम दाबले तर सगळी साथ त्या एका स्वरावरच उभी राहते. पेटीवर तुम्ही सूर धरून ठेवता तेच हे, फक्त तालासकट. भैरवासारख्या रागात, जिथे पाश्चात्य कॉर्ड बसवताना नाकी नऊ येतात, तिथे पूर्ण भजन सा-प वर चालवा, एखाद्या जागी म वर जाऊन या. ऐकणाऱ्याला ते अपुरे वाटणार नाही, उलट वरातीचा वास निम्म्याने जाईल.

हात किती वेळ दाबून ठेवायचा? नव्याने शिकणारा कॉर्डवर जोर देऊन बसतो आणि मग बटणांना हात मोकळा राहत नाही. कॉर्ड एकदा दिला की हात उचलला तरी साथ चालू राहते. तुमची थांबत असेल तर ‘सिंक स्टॉप’ चालू राहिले आहे, ते बंद करा. वेळ मात्र साधली पाहिजे. समेला कॉर्ड अर्धी मात्रा उशिरा आला, तर बेसने जुना स्वर आधीच वाजवलेला असतो आणि समेवरच ठेच लागते. रोज थोडा वेळ उजवा हात पूर्ण बाजूला ठेवून तोंडाने भजन म्हणा आणि डाव्या हाताने फक्त कॉर्ड बदला. कंटाळवाणे आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही. माणच्या नव्या सोसायट्यांत भिंतीला भिंत आहे, तेव्हा हा रियाज हेडफोन लावून करा. तो लावला की आतले स्पीकर बंद होतात.

आता दुसरी तक्रार, सगळी गाणी सारखी वाटण्याची. आठ पदर सगळे एकदम वाजत असले की लहान खोलीतही बँड बसल्यासारखा गलका होतो. मधल्या किमतीच्या अनेक मॉडेलांवर एकेक पदर बंद करता येतो. भजनासाठी छोट्या सुरावटींचे दोन्ही पदर बंद करा, कॉर्डचा एक ठेवा, बेस ठेवा. तशी सोय नसेल तर स्टाईलचा एकूण आवाज मुख्य आवाजापेक्षा बराच खाली आणा आणि ‘मेन ए’वरच राहा, पुढच्या मेन भागांत सहसा भर वाढत जाते. फिल-इनचे, म्हणजे मध्येच भरीचा ठेका टाकणारे बटण प्रत्येक ओळीला दाबायचा मोह आवरा. कडवे संपून ध्रुवपदाकडे येताना एकदा पुरे, आणि ते शेवटच्या मापाच्या सुरुवातीला दाबा. माप संपता संपता दाबले तर फिल-इन पुढच्या मापात जाते आणि ध्रुवपदाच्या पहिल्याच शब्दावर ढोल बडवले जातात.

लयही बदलून पाहा. स्टाईल निवडताच जी लय येते ती कारखान्यात ठरवलेली असते. जमैकात १९८५ साली गाजलेले ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या ‘रॉक’ नावाच्या तयार ठेक्यावर उभे आहे. गाणे करणाऱ्यांनी तो ठेका बराच संथ केला आणि रेगे संगीताचे वळणच बदलले. ठेका तयार मिळाला म्हणून हलका ठरत नाही, आणि त्याच्या नावावरही फार जाऊ नये. ‘बॅलड’ नाव पाहून पुढे जाऊ नका. त्याची लय जरा वाढवा, सुरावटी बंद करा, एखादे भावगीत त्यावर छान बसेल.

उजव्या हाताचा आवाज निवडताना दोन आवाज एकत्र लावायची सोय वापरून पाहा. पेटीच्या आवाजाखाली बासरी अगदी हलकी ठेवा. पेटीची आणि विजेच्या वाद्याची सोयरीक जुनीच आहे. १९५४च्या ‘नागिन’मधली सगळ्यांना पुंगी वाटलेली धून कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर आणि रवी यांनी पेटीवर मिळून वाजवली होती.

गवई बदलला की पट्टी बदलते. तुम्ही पांढरी एकमध्येच वाजवा आणि ट्रान्सपोज वापरा : काळी एकसाठी अधिक एक, काळी चारसाठी उणे चार. पुढच्या गायकासाठी ते शून्यावर आणायला माणूस विसरतो, आणि मग मंडपात सगळ्यांच्या नजरा पेटीवाल्याकडे वळतात. म्हणून प्रत्येक भजनाची स्टाईल, लय, आवाज आणि ट्रान्सपोज ‘रजिस्ट्रेशन मेमरी’त साठवून ठेवा. एक बटण दाबले की सगळे जागेवर येते. या सोयीला बरेच जण हातही लावत नाहीत, आणि माझ्या मते किमतीचा सर्वांत जास्त मोबदला तीच देते.

गणपतीत मंडपात वाजवाल तेव्हा एक गोष्ट पाहा. साउंडवाला हेडफोनच्या भोकातून तार काढून थेट मिक्सरच्या माइकच्या जागी लावतो, आणि बेस, ढोल आणि तुमची चाल जवळजवळ गायब होतात. कीबोर्डला दोष दिला जातो. खरे असे की हेडफोनला डावा आणि उजवा असे दोन आवाज जातात, आणि मिक्सरची ती जागा एका आवाजातून दुसरा वजा करते. दोन्हीकडे सारखे असलेले, म्हणजे मधोमध ठेवलेले सगळे वजा होऊन जाते. दोन टोकांत फुटणारी तार घ्या आणि ती टोके मिक्सरच्या दोन वेगळ्या लाइन जागांत लावा. कीबोर्डला ‘एल/मोनो’ अशी वेगळी जागा असेल तर तिथून साधी एकेरी तार पुरते.

राहिला महागड्या मॉडेलचा प्रश्न. यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा कॅसिओची नावात ‘आयएन’ असलेली मॉडेले भारतासाठी काढलेली आहेत, त्यांत तबला-ढोलकीचे आवाज आणि इथले ठेके मिळतात. तुमचे मॉडेल यातले नसेल आणि मंडळात पखवाजवाला नसेल, तरच बदलण्यात अर्थ आहे. पखवाजवाला असेल तर यंत्राचा ताल बंद करा आणि त्याला वाजवू द्या.

प्रश्न : माझ्या कीबोर्डवर रूपकातले गाणे एका आवर्तनात बसते, पुढच्यात सुटते. लय कमी-जास्त करून पाहिली. उपाय काय?
– एक वाचक, चाकण

उत्तर : लयीने हे सुटणार नाही. बहुतेक स्टाईल चार मात्रांच्या मापाच्या असतात आणि रूपक सात मात्रांचा. दोघांची सम पहिल्यांदा जुळली की पुन्हा जुळायला २८ मात्रा, म्हणजे तुमची चार आवर्तने जातात. झपतालाची दहा मात्रांची सम दर दोन आवर्तनांनी गाठ घेते, म्हणून तो थोडा कमी छळतो. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, ते सहज बसतात. दादऱ्यासाठी तीन किंवा सहा मात्रांच्या मापाची स्टाईल शोधा. रूपकासाठी आधी यादीत तो ताल आहे का पाहा. नसेल तर स्टाईल थांबवा, मेट्रोनोमचे माप सातवर लावा, म्हणजे घंटी फक्त समेवर वाजेल, आणि डाव्या भागाला तंतुवाद्यांचा लांब आवाज देऊन सा-प धरून ठेवा. रूपकाची सम ‘खाली’वर असते, त्यामुळे घंटीचा आवाज हलकाच ठेवलेला बरा.