मातीचे डोहाळे आणि अंगातले रक्त



सुनेला दिवस गेले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, “काय खावंसं वाटतं गं?” कुणाला चिंच हवी, कुणाला मीठ लावलेली कैरी, कुणाला झणझणीत ठेचा. घरची माणसे हौसेने आणून देतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. ही रीत चांगलीच आहे, ती मोडू नये.

चिंच मागितली म्हणजे शरीरात अमुक एक कमी आहे, असा हिशेब मात्र लागत नाही. आंबट मागितले तर मुलगी आणि गोड मागितले तर मुलगा, हेही खरे नाही. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच वेळी बापाच्या बीजावरून ठरते. आईच्या जिभेला त्यातले काही कळत नाही.

पण काही डोहाळे निराळे असतात. पहिल्या पावसाने माती भिजली की त्या वासाने जीव कासावीस होतो. चुलीची भाजकी माती, भिंतीचा पोपडा, राख, पोरांची पाटीवरची पेन्सिल कुणाचे लक्ष नाही असे पाहून तोंडात जाते. तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चेच खाल्ले जातात. घरात फ्रिज असला तर बर्फ चघळला जातो. बाई लाजेने हे कुणाला सांगत नाही. सासूच्या ध्यानात आले तर ती म्हणते, “आम्हीही खाल्ली होती, काही होत नाही.” सासूबाईंनी खाल्ली असेल, खोटे कशाला म्हणा! बहुधा त्यांच्याही अंगात तेव्हा रक्त कमी होते.

अशी माती-तांदळाची ओढ पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते. रक्ताचा लाल रंग लोहामुळे असतो. लोह कमी पडले की रक्त फिके होते. त्याला पंडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात. पाणी भरताना धाप लागते, चक्कर येते, डोळ्याची खालची पापणी आतून पांढुरकी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळले.

मग माती खाऊन लोह मिळते का? नाही. उलट जेवणातले लोह माती पोटातच धरून ठेवते, अंगाला लागू देत नाही. शिवाय तिच्यातून जंत पोटात जाऊ शकतात. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, म्हणजे आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतते. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची भीतीही वाढते.

आता थोडा हिशेब करू. एका गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. बाळ, वार आणि आईचे वाढलेले रक्त या सर्वांचा तो खर्च. रोजच्या जेवणातून अंगाला लागते ते एक-दोन मिलिग्रॅम. पेरणीला पेरणी लागली तर जमिनीचा कस जातो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पहिले मूल अजून रांगते आहे, अंगावर पिते आहे, आणि बाईला पुन्हा दिवस गेले, तर मागची तूट भरण्याआधीच नवा खर्च सुरू होतो.

म्हणून बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. “अंगावर पाजते आहे, आता काही भीती नाही,” यावर विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त आईच्याच दुधावर, आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच त्याचा भरवसा. पाळणा लांबवण्यासाठी निरोध आहे, छाया गोळी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे, तांबी आहे. रक्त कमी असेल किंवा पाळीला फार जात असेल तर तांबी बसवण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण तांबीने पाळीचा स्राव काहींना वाढतो. निरोध वापरणे तर नवऱ्याच्याच हातात आहे. आणि दोघांना आणखी मूल नकोच असेल, तर पुरुषाची नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. रक्त कमी असले तर प्रमाण वाढवतात, ते नर्सताई सांगतील. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळे होते म्हणून घाबरून गोळ्या कोनाड्यात ठेवून देणाऱ्या बाया आम्ही पुष्कळ पाहतो. काळे होणे हा गोळीचा गुण, त्यात अपाय काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळ्या सुरू झाल्या की मातीची ओढही बऱ्याच जणींची काही आठवड्यांत आपोआप जाते.

जेवणात मोड आलेली मटकी लिंबू पिळून, बाजरीची भाकरी, लोखंडी कढईतली पालेभाजी, अहाळीव. चालत असेल तर अंडी, मटण. सून सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खाते, तेवढे मात्र बदलावे लागेल.

रक्ताची तपासणी उपकेंद्रात बोटाच्या एका थेंबावर होते. गरोदरपणी ११ च्या खाली आकडा आला तर रक्त कमी, ७ च्या खाली आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर मोफत तपासतात. त्या दिवशी नवरा-बायको दोघांनी जावे आणि माती खाते, तांदूळ खाते, हे ताईंना आधी सांगावे.