आधी बादल्या, मग टंबलर

दगड घासायचं यंत्र घ्यायचं मनात असेल, तर आधी तीन बादल्या, एक जुनी चाळणी आणि चार-पाच टूथब्रश घ्या. यंत्राचं नंतर बघू. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असलंच तर माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, चष्मा लावूनही वाचवणार नाही अशा अक्षरांत.

रोटरी टंबलर म्हणजे तसं साधं प्रकरण. दोन आडव्या दांड्या, त्यांतली एक मोटरवर फिरणारी, आणि त्यांच्यावर लोळणारा रबरी ड्रम. ड्रममध्ये दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड. ड्रम रात्रंदिवस फिरतो, दगड एकमेकांवरून घसरतात आणि मधली पूड त्यांच्या कडा खात राहते. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिशची भुकटी. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा, भरडीला त्याच्या दुप्पट-तिप्पटही लागतो.

आम्ही राहतो तो इंग्लंडमधला डरहॅमचा किनारा या छंदाला जरा जास्तच भुलवणारा आहे. इथल्या सीहम गावात जॉन कँडलिश यांनी १८५३ मध्ये बाटल्यांचा कारखाना काढला. तो १९२१ मध्ये बंद पडला, पण तोवर तिथली टाकाऊ काच समुद्रात जात होती. शंभर वर्षांहून जास्त काळ लाटा-वाळूत घोळलेले ते तुकडे आजही भरतीबरोबर वर येतात. पांढरे, हिरवे, आणि नशीब असेल तर दोन-तीन रंग एकात मिसळलेले. थंडीत सकाळी सकाळी लोक वाकून वाकून किनारा चाळत असतात. पाहुण्यांना एकदा तिथं नेलं की घरी येताना गाडीत हमखास प्रश्न येतो, "हे आपल्याला घरी करता येईल का गं?" येईल. पण सांभाळून.

माझा पहिला घाणा सगळा वाया गेला. माहेर नेवासा तालुक्यातलं. प्रवरेच्या पात्रात अकीक आणि गारगोट्या लहानपणी खिसे भरभरून गोळा केलेल्या. तिथल्याच उत्खननात १९५०च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांना अकीक-जास्परसारख्या दगडांची अश्मयुगीन अवजारं सापडली होती, हे पुढे कॉलेजात कळलं. मी गोळा केलेल्यांतले मूठभर खडे बॅगेतून इकडे आले होते. ते आणि सीहमच्या किनाऱ्यावरचे गोटे मी एकाच ड्रममध्ये घातले. आठवड्यानं झाकण उघडलं तर आत राखाडी-पांढरा, दाट लगदा. सीहमचे गोटे अर्धे झालेले, काही तर नाहीसेच. आणि अकीक होता तसाच, खडबडीत.

कारण सरळ आहे. खनिजाची कठीणता मोजायची मोसची पट्टी असते, एक ते दहा. अकीक आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झची सगळी भावंडं, सातच्या आसपास. डरहॅमचे कडे मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचे. तो दगड फार तर चारपर्यंत पोचतो. एका ड्रममध्ये सात आणि चार घातले की चाराचा चिखल होतो, त्या चिखलात पूड रुतून बसते आणि साताला काहीच होत नाही. म्हणून नियम एकच धरा: एका घाण्यात एकाच कठीणतेचे दगड. आकार मात्र लहानमोठे हवेत. नुसते मोठे घातले तर मधल्या पोकळ्या रिकाम्या राहतात आणि घासणं होत नाही.

ओळखायचं कसं? स्टीलच्या चाकूचं टोक दगडावर ओढा. चरा पडला तर तो दगड बाजूला. क्वार्ट्झवर चाकूचा चरा पडत नाही, उलट क्वार्ट्झच बाटलीच्या काचेवर चरा पाडतो. चुनखडीसाठी व्हिनेगरचा थेंब टाका असं सगळे सांगतात. साधी चुनखडी त्यानं फसफसते, पण आमचा डरहॅमचा दगड असा फसवा की थेंब टाकला तरी ढिम्म. आधी खरवडून थोडी भुकटी करायची, मग थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. तेव्हा कुठे बारीक बुडबुडे दिसतात. शिवाय या पट्ट्यात कोळशाच्या खाणी होत्या. ईझिंग्टनची १९९३ मध्ये बंद झाली. खाणींचा कचरा वर्षानुवर्षं किनाऱ्यावरच टाकला जाई. त्यामुळे काळा चकचकीत तुकडा दिसला की लगेच "व्हिटबीचं जेट!" म्हणून उड्या मारू नका. बहुतेक वेळा तो कोळसाच निघतो, आणि एवढासा तुकडाही सगळा घाणा काळा करतो.

आता त्या लगद्याचं. तो मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतला आणि वरून भरपूर पाणी सोडलं. पाणी गेलं, लगदा सिंकखालच्या वाकड्या पाइपात बसला आणि दगड झाला. दगडाचीच पूड ती, दुसरं काय होणार? थोडा पुढेही सरकला असावा, कारण दोन दिवसांनी शेजारच्या काकू (वयानं काकूच, इथं मात्र नावानं हाक मारायची) दारात उभ्या, त्यांचंही पाणी तुंबलेलं. आमची घरं जोडघरं, बाहेरची नळी दोघांची मिळून. इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०११ पासून अशा सामाईक नळ्या पाणी कंपनीच्या ताब्यात गेल्या आहेत. त्यामुळे बाहेरचं काम त्यांच्या माणसांनी केलं. घरातल्या पाइपाचे पैसे आम्ही भरले आणि शेजारी चकल्यांचा डबा गेला.

तेव्हा बादल्या. पहिलीत ड्रम रिकामा करायचा, चाळणीतून. दुसरीत दगड धुवायचे. तिसरीत ब्रश लावून पुन्हा. मग पहिली बादली एक-दोन दिवस हलवायची नाही. वरचं पाणी नितळ झालं की बागेत ओता. खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून रोजच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. ओला असतानाच, हे मुद्दाम सांगते.

कारण या छंदात जीव घेणारी गोष्ट एकच, वाळलेली पूड. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, आणि तिची श्वासातून आत जाणारी धूळ फुप्फुसं घट्ट करत जाते. गुजरातमधल्या खंभातला अकीक जगभर गेला. तिथले कारागीर पूर्वी चामड्याच्या पिशवीत मणी, एमरीची पूड आणि पाणी घालून ती दोन माणसांमध्ये कित्येक दिवस पुढेमागे लोळवत. आपल्या टंबलरची आजीच ती. पण त्याआधी मणी फिरत्या चाकावर कोरडे घासले जात. त्या धुळीनं खंभातमध्ये किती जणांना सिलिकोसिस झाला, याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं केला आहे. काम घराघरांत चालायचं, त्यामुळे कधी चाकाला हात न लावलेली माणसंही त्यात सापडली. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी अशा धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम आहे. टंबलरमध्ये सगळं ओलं असतं म्हणून धोका जवळजवळ नसतो. पण शेडच्या फरशीवर सांडलेला गाळ वाळला आणि तुम्ही झाडू घेतलात, की धूळ उठलीच. झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. दगड हातोडीनं फोडायचे असतील तर तेही पाण्यात भिजवून, गॉगल लावून.

धुण्याचं दुसरं कारण पैशांचं. भरड पुडीचा एक कण पुढच्या टप्प्यात गेला तरी पॉलिशवर ओरखडे उठतात आणि महिन्याची मेहनत पाण्यात जाते. भरड साठ-नव्वद किंवा ऐंशी नंबरची, मग दोनशे वीस, मग पाचशेच्या आसपास, शेवटी सेरियम किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड. जमलं तर पॉलिशसाठी वेगळा ड्रमच ठेवा. दगडाच्या भेगेत बारीक पूड दडते आणि ती ब्रशनंही निघत नाही, म्हणून भेगाळ दगड पहिल्या टप्प्यानंतर काढून टाका, कितीही आवडता असला तरी. मला हे जड जातं. अजूनही एखादा चोरून पुढे ढकलते आणि पस्तावते.

ड्रम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरा आणि पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खालीच ठेवा. तीन पौंडी ड्रमला तीन-चार मोठे चमचे पूड पुरे. पहिले काही दिवस रोज झाकण उघडा, तोंड लांब धरून. काही दगडांतून वायू सुटतो, ड्रम फुगतो आणि झाकण उडतं. रबराच्या कडेला पुडीचा कण अडकला तर ड्रम रात्रभर ठिबकतो, म्हणून खाली प्लॅस्टिकचा ट्रे हवाच.

अमेरिकेतल्या भावानं किंवा नणंदेनं "इथं स्वस्त आहे, पाठवते" म्हटलं तर प्रेमानं नको म्हणा. तिकडची मोटर १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. तिकडचे लोक पॉलिशमध्ये बोरॅक्स घालतात, पण इथल्या दुकानांत बहुधा "बोरॅक्स सब्स्टिट्यूट" मिळतो आणि तो बोरॅक्स नसतो. साध्या पांढऱ्या साबणाचा कीस घाला, काम होतं. प्लगमध्ये तेरा अँपिअरचा फ्यूज असेल तर काढून तीनचा बसवा.

आवाज. रबरी ड्रम घुमतो, प्लॅस्टिकचा खेळण्यातला खडखडतो. जोडघराच्या सामाईक भिंतीला टेकून तो ठेवू नये, शेजार आधीच चकल्यांवर निभावलेला असताना तर नाहीच. कौन्सिल रात्री अकरा ते सकाळी सातपर्यंतच्या आवाजाच्या तक्रारी वेगळ्या कायद्याखाली घेते. शेडमध्ये ठेवलात तर जानेवारीत गोठण्याचा प्रश्न येतो. फिरत्या ड्रमचं ठीक, पण बंद ठेवलेल्या ड्रममधलं पाणी गोठू देऊ नका.

काचेला मात्र वेगळा ड्रम. बाटलीची काच साडेपाचच्या आसपास, तेव्हा अकिकाबरोबर ती भरडली जाते. दारूच्या बाटल्यांचे जाड बूड घ्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून फोडा. समुद्री काचेसारखी धुरकट झळाळी हवी असेल तर फक्त भरड पूड, काही दिवस, आणि रोज बघत राहायचं. पुढचे टप्पे नकोत. पातळ ग्लास, गाडीच्या खिडकीची काच, आरसे घालू नका. संडरलंडमध्ये २००७ पर्यंत पायरेक्स बनत असे, त्यामुळे इथल्या घराघरांत त्याची फुटकी भांडी सापडतात. ती काच वेगळ्या जातीची, बाटल्यांबरोबर एकसारखी झिजत नाही. चॅरिटी शॉपमधला जड, लखलखता प्याला तर अजिबात नको: लेड क्रिस्टलमध्ये वजनाच्या किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असतं, आणि झिजलेल्या काचेबरोबर ते तुमच्या गाळात उतरणार. काचेचा गाळ चाळताना हातमोजे घाला. त्यात न दिसणाऱ्या कुसळ्या असतात.

भारतातून येताना कोणी पाषाणच्या खाणीतलं हिरवं अपोफिलाइट किंवा नाशिककडचं स्टिल्बाइट आणलं असेल, तर ते टंबलरच्या आसपासही नेऊ नका. मऊ असतात, पदर सुटतात, तासाभरात चुरा होतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती खनिजं काचेआड ठेवली आहेत, तुम्हीही तशीच ठेवा. किनाऱ्यावरून दगड उचलताना फलक वाचा. १९४९ च्या किनारा संरक्षण कायद्यानुसार काही ठिकाणी गोटे नेण्यास बंदी करता येते.

गणेशोत्सवातल्या स्टॉलवर मी टंबलरच्या काचेची कानातली ठेवते, आणि कार्डावर "यंत्रात घासलेली" असं स्पष्ट लिहिते. "सीहमची आहे का?" असं प्रत्येक जण विचारतो. हो म्हटलं तर दुप्पट पैसे मिळतील, हे मलाही कळतं. पण भिंग लावलं की फरक दिसतोच. समुद्राच्या काचेवर चंद्रकोरीसारखे बारीक व्रण असतात, यंत्राच्या काचेवर सगळीकडे एकसारखा धुरकटपणा.

आणि एक विनंती. माझ्या जावेनं सीहमचा तीन रंगांचा तुकडा चमकावा म्हणून ड्रममध्ये घातला. चमक आली, व्रण गेले, आता तो कुठल्याही फुटक्या बाटलीचा तुकडा वाटतो. तुम्हाला असा तुकडा मिळाला तर साध्या पाण्यानं धुवा आणि ठेवून द्या. कारखाना बंद होऊन शतक उलटलं, तिथली नवी काच आता समुद्रात पडत नाही.