ध्रुवप्रकाशाचें खरें चित्र



आपल्या शाळेंतून पूर्वीं शिकून गेलेला एक विद्यार्थी सध्यां नॉर्वे देशांत ट्रॉम्सो या गांवीं नोकरीस आहे. गेल्या हिंवाळ्यांत त्यानें मजकडे ध्रुवप्रकाशाचीं दोन छायाचित्रें पाठविलीं आणि विचारलें, “सर, ग्रीनिचच्या स्पर्धेसाठीं यांपैकीं कोणतें पाठवूं?” दोन्ही चित्रें एकाच क्षणाचीं होतीं. पहिल्यांत फिकट हिरवा पट्टा डोंगरामागून वर चढलेला. दुसऱ्यांत तोच पट्टा पाचूसारखा झगझगीत, व त्याच्या खालच्या कांठास जांभळी झालर. “दुसरें सर्वांना आवडतें,” असें त्यानें लिहिलें होतें, “पण ती झालर मीं मागाहून संगणकावर भरली आहे.” मीं त्याला जें उत्तर पाठविलें तें तुम्हांसही उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहें.

प्रथम ध्रुवप्रकाश म्हणजे काय तें पाहूं. सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा झोत सतत वाहत असतो. पृथ्वीचें चुंबकक्षेत्र त्यास अडवितें. तथापि त्या झोतापासून मिळालेल्या शक्तीनें इलेक्ट्रॉन चुंबकरेषांच्या अनुरोधानें ध्रुवांकडील वातावरणांत वेगानें उतरतात आणि तेथील वायूंवर आदळतात. आघातानें मिळालेली शक्ति ते वायु प्रकाशरूपानें परत देतात. सुमारें १०० ते २०० किलोमीटर उंचीवरील प्राणवायु हिरवा प्रकाश देतो. त्याहून वरचा प्राणवायु तांबडा. नत्रवायूपासून निळ्या-जांभळ्या छटा निघतात, व इलेक्ट्रॉन खोलवर उतरले म्हणजे त्या पडद्याच्या खालच्या कांठास दिसतात. तेव्हां येथें रंग ही केवळ शोभा नव्हे. किती उंचीवर काय घडलें याची ती साक्ष आहे.

आतां तुम्ही एक शंका काढाल. मंद ध्रुवप्रकाश नुसत्या डोळ्यांस पुष्कळदां राखी ढगासारखा दिसतो, आणि फोटोंत मात्र हिरवा उमटतो. मग फोटो खोटाच नव्हे काय? मुळींच नाहीं. अंधारांत आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात, त्यांस रंग ओळखतां येत नाहींत. शिवाय डोळ्यास प्रकाश सांठवितां येत नाहीं. कॅमेरा ५-१० सेकंद भिंग उघडें ठेवून तो थेंबाथेंबानें गोळा करतो. हिरवा रंग आकाशांत होताच. आपणांस तो दिसला नाहीं इतकेंच. कॅमेऱ्यानें धीरानें जें गोळा केलें तें खरें. हातानें मागाहून जें घातलें तें खोटें.

या धीराची परंपरा जुनी आहे. १८९२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेंडेल यांनीं उत्तर नॉर्वेंत ध्रुवप्रकाशाचा पहिला फोटो घेतला. पुढें नॉर्वेचे गणिती कार्ल स्टर्मर यांनीं दूरदूरच्या दोन ठिकाणीं कॅमेरे मांडून, टेलिफोनवरून एकमेकांस इशारा देऊन, एकाच क्षणीं फोटो घेण्याची रीत पाडली. दोन्ही फोटोंत मागचे तारे तेच असत, पण त्यांच्यापुढील प्रकाश थोडा सरकलेला दिसे. त्या सरकण्यावरून त्यांनीं त्याची उंची मोजली. त्यांतील एक रेघ जरी कोणीं सौंदर्यासाठीं हलविली असती, तरी सारें गणित फसलें असतें.

ग्रीनिचच्या वेधशाळेनें खगोलीय छायाचित्रांची स्पर्धा २००९ सालीं सुरू केली. तींत ध्रुवप्रकाशाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि १६ वर्षांखालील मुलामुलींसाठींही निराळा विभाग आहे. २०१४ सालचें मुख्य पारितोषिक इंग्लंडच्या जेम्स वुडेंड यांस मिळालें. त्यांच्या चित्रांत आइसलँडमधील एका हिमसरोवरावर हिरवा प्रकाश पसरला असून तोच खालीं निश्चल पाण्यांतही उतरला आहे. त्यास लागले १० सेकंद. पण तसे १० सेकंद मिळण्यासाठीं कित्येक रात्री थंडींत उभें राहावें लागतें. कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवावा; रुंद दृश्य घेणारें भिंग पूर्ण उघडावें; एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर तें हातानें जुळवावें; प्रकाश वेगानें नाचत असल्यास वेळ कमी करावा, नाहीं तर पडद्याच्या घड्या पुसून जातात. थंडीनें बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशांत असावी.

मग संगणकास हात लावूंच नये काय? तसें नाहीं. काळोख थोडा उजळणें, चित्राची कड कापणें, हें पूर्वींचे छायाचित्रकारही आपल्या अंधारखोलींत करीत. मात्र जो बदल स्पर्धेच्या अर्जांत उघड लिहावयास संकोच वाटतो, तो करूं नये.

आपल्या देशांतील दोन प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं ध्रुवप्रकाश थेट मुंबईस दिसला. तो आज केवळ शब्दवर्णनांत उरला आहे. मे २०२४ मध्यें मोठें सौर वादळ झालें, तेव्हां लडाखांतील हानले येथें क्षितिजावर तांबडी आभा कॅमेऱ्यांनीं टिपली. तीं चित्रें तांबडींच कां? कारण हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईखालीं झांकला गेला होता; केवळ उंचावरचा तांबडा भाग तेवढा आपणांकडे दिसला. तेथें कोणीं शोभेसाठीं हिरवा रंग भरला असता, तर हा सारा धडाच पुसला गेला असता.

माझ्या विद्यार्थ्यास मीं लिहिलें, “तुझी झालर सांगते कीं त्या रात्रीं इलेक्ट्रॉन खोलवर उतरले; तुझा कॅमेरा तसें म्हणत नाहीं. साक्षीदाराच्या तोंडीं आपले शब्द घालूं नयेत.” त्यानें फिकट चित्र पाठविलें. निकाल अद्याप लागावयाचा आहे. परंतु त्याच्या शेवटच्या पत्रांत एक वाक्य होतें, तें मला पारितोषिकाहून मोलाचें वाटतें: “सर, आतां मीं जांभळ्या झालरीची वाट पाहत रोज रात्रीं बाहेर उभा राहतों.”