उलट्या ‘नॉर्मल’ नसतात

मोठ्या बहिणीचं वजनाचं ऑपरेशन होऊन आता वर्ष उलटलं. ताईचं वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं. पण जिना उतरताना तिला आजही कठडा धरावा लागतो. तो का धरावा लागतो, हे पुण्यातल्या ज्या सेंटरमध्ये ऑपरेशन झालं तिथल्या कोणीही आजवर कबूल केलेलं नाही.

ऑपरेशनच वाईट, असं मात्र कोणी समजू नये. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या वजनाच्या ऑपरेशनात जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग दुर्बिणीतून काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूक मंदावते. अन्न आतड्यात लवकर उतरतं, जीएलपी-१ हे हार्मोन वाढतं आणि शरीराचं स्वतःचं इन्सुलिन पुन्हा नीट कामाला लागतं. म्हणूनच वजनाचा काटा फारसा हलण्याआधी साखर खाली येते. अमेरिकी सर्जन वॉल्टर पोरीस यांनी गॅस्ट्रिक बायपास हे वजनाचं दुसरं ऑपरेशन झालेल्या रुग्णांवरून १९९५ मध्ये हे ठामपणे मांडलं. पुढे क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत ऑपरेशन झालेल्यांची साखर नुसत्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा पाच वर्षांनंतरही जास्त आटोक्यात असल्याचं दिसलं. आपल्याकडे नितीन गडकरींनी २०११ मध्ये आणि अरुण जेटलींनी २०१४ मध्ये वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून ती घरोघरी माहीत झाली.

सेंटरच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर मात्र ‘मधुमेहापासून कायमची सुटका’ असं छापलं होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह मागे हटला होता, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. त्यातली बरीच ऑपरेशनं जठराला पट्टा घालण्याच्या जुन्या पद्धतीची होती, हे खरं. तरीही ‘कायमची’ हा शब्द कोणत्या आधारावर छापला, याचं उत्तर मिळालं नाही.

सांगलीला घरी आल्यावर ताईला उलट्या सुरू झाल्या. आधी घट्ट पदार्थ, मग पेज, मग ताकसुद्धा टिकेना. सेंटरच्या को-ऑर्डिनेटरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की उत्तर यायचं, ‘नॉर्मल आहे मॅडम, एकेक चमचा घ्या,’ आणि पुढे जोडलेले हात. सर्जन कायम ‘ओटीत’, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये असायचे. सांगलीहून पुण्याला तिला नेण्यासारखी स्थिती उरली नाही, तेव्हा गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावलं. बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे साखरेचं पाणी. सलाईन संपल्यावर ताईला तरतरी यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत गेली आणि छतावरच्या ट्यूबलाइट दोन का दिसताहेत, म्हणून विचारू लागली. संध्याकाळी तिला वार आठवेना.

मिरजेतल्या न्यूरोफिजिशियनांनी तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. बुबुळं बोटामागे सरळ जाईनात, झटके देत थरथरत होती. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘वजनाचं ऑपरेशन झालंय का? उलट्या किती दिवस?’ एवढंच विचारलं आणि एमआरआयची वाट न पाहता थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शिरेतून द्यायला सांगितलं. ताईला झाला होता तो थायमिन कमी पडल्याने होणारा, जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला मेंदूचा विकार. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या झाल्या की तो आटतो, आणि अशा शरीरात ग्लुकोज ओतलं की ते वापरण्यात उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. इलाज स्वस्तातल्या इंजेक्शनांचा. ताईचे डोळे लवकर जागेवर आले. चाल मात्र पूर्ण सुधारली नाही.

सेंटरचं म्हणणं आलं, ‘पेशंटने डाएट पाळलं नाही, मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं होतं.’ डिस्चार्ज कार्डावर तो एक शब्द आहे, हे खरं. पण जी गोळी पाण्याबरोबरच बाहेर पडते, ती घेतली काय नि न घेतली काय! आम्ही पाठवलेले सगळे मेसेज तारीखवार त्यांच्यासमोर ठेवले. त्यावर आजतागायत कोणी बोललेलं नाही.

या वाटेने जाणाऱ्यांनी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, तर फोनवरच्या धीरावर न थांबता रुग्णालय गाठा. दारातच सांगा की वजनाचं ऑपरेशन झालं आहे, उलट्या अमुक दिवस आहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. हे वाक्य कागदावर लिहून रुग्णाच्या पर्समध्ये ठेवा, कारण वेळ आली की त्याला स्वतःला बोलता येईलच असं नाही. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका.

शाकाहारी माणसाने ऑपरेशनच्या आधीच बी-१२ तपासावं. आपल्याकडे ही कमतरता किती पसरलेली आहे, ते पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिलं आहे. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी घटतं आणि जठर लहान झाल्यावर ते शोषणंही अवघड होतं. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्त तपासायचं, हा खर्च बहुतेकदा पॅकेजमध्ये धरलेला नसतो. तो आधीच विचारा.

इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा नवा डोस घरी निघण्यापूर्वी लेखी घ्या. साखर झपाट्याने उतरत असताना जुना डोस चालू राहिला तर ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. बायपास झाला असेल तर डोकेदुखी-गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका, जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो.

विम्याचे निकष साधारणपणे असे: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखा गंभीर आजार. पॉलिसीचा कागद स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ऑपरेशननंतर चालणं सोडू नका. घरच्यांनी रुग्णाला ‘एवढंसंच खातेस?’ म्हणून टोकू नये.

आणि पैसे भरण्याआधी सर्जनला समोर बसवून विचारा: रात्री अकराला उलटी थांबली नाही तर फोन कोण उचलणार, डॉक्टर की को-ऑर्डिनेटर? आपल्या गावात नेमकं कोणाकडे जायचं? त्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर डिस्चार्ज कार्डावर सर्जनच्या सहीनिशी लिहून मिळेपर्यंत तारीख पक्की करू नका.