झोप आणि वजन

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मराठीत मात्र 'तालीम' म्हणजे व्यायाम करण्याची आणि कुस्ती शिकण्याची जागा. शब्द एकच, पण एकीकडे वही-पुस्तक, दुसरीकडे लाल माती! आपल्या वऱ्हाडाला व्यायामाची जुनी आवड आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केले. १९३६ साली या मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तेथे त्याने कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. अकोल्याला शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे. तेथे मुष्टियुद्ध, म्हणजे बॉक्सिंग, शिकवतात.

कुस्तीत आणि मुष्टियुद्धात वजनाला फार महत्त्व असते. खेळाडूचे वजन त्याच्या गटापेक्षा जास्त भरले, तर त्याला त्या गटात खेळता येत नाही. म्हणून त्याला वजन आटोक्यात ठेवावे लागते. पण नुसते वजन उतरून भागत नाही. चरबी कमी व्हावी आणि ताकद तशीच राहावी, हे खरे कौशल्य. ताकद असते स्नायूंत. स्नायूच झिजले, तर काट्यावरचा आकडा खाली येतो, पण ठोशातला जोरही जातो.

तुम्ही म्हणाल, "थोडे खावे, खूप धावावे, म्हणजे झाले. यात झोपेचा काय संबंध?"

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हाच संबंध तपासून पाहिला. त्यांनी वजन जास्त असलेल्या दहा माणसांना १४ दिवस बेताचे जेवण दिले आणि रात्री साडेआठ तास अंथरुणावर राहू दिले. पुन्हा दुसऱ्या वेळी त्याच माणसांना तसेच बेताचे जेवण १४ दिवस दिले; पण अंथरुणावर फक्त साडेपाच तास. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळा वजन जवळजवळ सारखेच उतरले, सुमारे तीन किलो. मग फरक कोठे पडला? पुरेशी झोप मिळाली, तेव्हा त्यातली १.४ किलो चरबी होती. झोप कमी पडली, तेव्हा चरबी गेली फक्त ०.६ किलो, बाकीची घट स्नायू वगैरेंची होती. काटा दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगत होता, पण शरीरात वेगळेच घडत होते! माणसे दहाच होती, हे खरे. तरीही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जागरणाने भूकही बिघडते. आपल्या शरीरात लेप्टिन नावाचे एक द्रव्य आहे. ते मेंदूला सांगते, "पुरे, आता पोट भरले." घ्रेलिन नावाचे दुसरे द्रव्य म्हणते, "भूक लागली, खायला आणा." २००४ सालच्या एका प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिले. दहा-दहा तास झोपले होते त्या वेळेशी तुलना केली, तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळले. त्यांना गोड आणि खारट पदार्थांची इच्छा जास्त होऊ लागली. रात्री बारा वाजता गिल्ला वड्याची आठवण का येते, ते आता कळले ना? वड्याचा दोष नाही!

उलट अनुभवही आहे. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० माणसांवरील एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली. काय खावे, काय टाळावे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तरी ते रोज सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले. म्हणजे दोन-अडीच पोळ्या समजा.

आता आपल्याकडे पाहा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. रात्रीही भिंती तापलेल्या असतात. वीज गेली की कूलर बंद पडतो आणि सारे घर जागे होते. याला तुमचा इलाज नाही. पण उशाशी ठेवलेल्या मोबाइलला इलाज आहे. तो दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. रमजानमध्ये तरावीहमुळे झोपायला उशीर होतो आणि सहरीसाठी लवकर उठावे लागते. अशा वेळी तरावीहनंतर चौकात गप्पा मारत न बसता सरळ घरी यावे, आणि दुपारी थोडा वेळ पडावे. पारसच्या वीजकेंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. त्यांना दिवसा झोपावे लागते. तुमच्या शेजारी असे कोणी काका असतील, तर दुपारी त्यांच्या दाराशी क्रिकेट खेळू नका.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. तुमचे वय वाढीचे आहे. वजन उतरवण्यासाठी मनानेच जेवण सोडू नका. आधी घरी सांगा, डॉक्टरांना विचारा. घरात कोणी मोठ्याने घोरत असेल आणि मध्येच त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्या. तो आजार असू शकतो.

आता एक काम करा. आठ दिवस वहीत रोज तीन गोष्टी लिहा : किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात आणि जेवणाशिवाय काय काय खाल्ले. आठ दिवसांनी वही उघडून जागरणाच्या दुसऱ्या दिवशीचे खाणे वेगळे काढा. या दिवसांत काट्यावर मात्र उभे राहू नका. तांब्याभर पाणी प्यायले तरी त्यावरचा आकडा बदलतो.