दहा नंबरची गोटी जाते कुठे?

गॅरेज टाकायचं म्हटलं की सगळे जागेचं डिपॉझिट, कॉम्प्रेसर, जॅक यांचा हिशोब मांडतात. पान्यांचा कोणी मांडत नाही, कारण सेट एकदा घेतला की झालं, असं वाटतं. आमच्या टूल्सच्या दुकानात मात्र वेगळंच दिसतं. गिऱ्हाईक पूर्ण सेट एकदा नेतं आणि मग सुटी दहा नंबरची गोटी मागायला परत परत येतं.

यात भुताटकी काही नाही. साध्या एम-६ बोल्टच्या डोक्याचं नेहमीचं माप १० मिलिमीटर. बॅटरीचं टर्मिनल, क्लॅम्प, ब्रॅकेट, कव्हर, बऱ्याच गाड्यांत दहाच लागतो. जो पाना दिवसात पन्नास वेळा हातात येतो, तो पन्नास वेळा कुठेतरी टेकवलाही जातो. बावीस नंबर हरवत नाही, कारण तो पेटीतून निघतच नाही!

हरवला म्हणजे चोरला, असं लगेच धरू नका. इंजिनखालचा गार्ड, बॅटरीचा ट्रे, वायपरखालची जाळी, पोराचा खिसा बघा. आणि हात पुसलेल्या चिंध्यांचा गोळा आधी सोडून बघा. तो संध्याकाळी कचऱ्यात जातो, गोटीसकट.

आता पैशाचं. समजा तीन मेकॅनिक रोज २० मिनिटं पाने शोधतात. म्हणजे रोजचा एक तास. पगार १५,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस, रोज ९ तास धरले तर तासाला ६४ रुपये पडतात. महिन्याला झाले साधारण १,६६० रुपये, निव्वळ शोधण्याचे. त्या वेळात गाडी अडून राहते ते वेगळंच.

पण माझ्या मते खरा धोका पुढे आहे. गोटी इंजिनपाशी राहिली आणि गाडी तशीच गिऱ्हाइकाला दिली, तर ती बेल्टमध्ये किंवा पंख्यात जाऊ शकते. पाना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. म्हणूनच विमानांच्या मेंटेनन्समध्ये टूल्सची मोजदाद केल्याशिवाय विमान सोडत नाहीत.

तुम्हाला तेवढा थाट नको. प्लायवूडवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवा, गोट्यांसाठी फोममध्ये खाचे कापा. खाचेच्या तळाला लाल रंग द्या, म्हणजे रिकामी जागा लांबूनही दिसते. प्रत्येक मेकॅनिकला वेगळा ट्रे द्या आणि पान्यांवर खूण पंचने मारा (टेप लावू नका, ऑइलने सुटते). जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: ‘पाने मोजले’. सही बॉनेट लावायच्या आधी, चावी दिल्यावर नाही.

हरवलेल्या पान्याचे पैसे पगारातून कापायचे का, हे बरेच जण विचारतात. मी कापू नका म्हणतो. एकदा कापलेत की पुढच्या वेळी पोरगा गप्प बसेल आणि गोटी गाडीतच राहील. त्यापेक्षा दहा नंबरच्या दोन-तीन जास्तीच्या गोट्या गल्ल्यापाशी कुलपात ठेवा. मागेल त्याला लगेच द्या, अट एकच: जुनी शेवटची कोणत्या गाडीवर वापरली ते सांगायचं. आणि ती गाडी गेटबाहेर जायच्या आत तपासायची. गेली असेल, तर गिऱ्हाइकाला फोन मालकाने स्वतः करायचा.